तेल कमी झालं, म्हणजे कुठंतरी गेलं

(जुन्या डिझेल गाडीच्या क्लचविषयी रेडिओवर झालेलं बोलणं)



आज आपण गाडीच्या क्लचविषयी बोलणार आहोत. पापड, हिशेबवही आणि बँकेचा हप्ता यांवर बोलणाऱ्या बायका आज क्लचवर कशा आल्या, असं काही जणींना वाटेल. पण आता कितीतरी गटांकडे स्वतःची जुनी गाडी आहे. ती गाडी बंद पडली की गटाचा धंदा बंद पडतो. आणि ती दुरुस्तीला गेली की मिस्त्री सांगेल तो आकडा आपण मान खाली घालून देतो, कारण आत काय असतं ते आपल्याला ठाऊक नसतं. आम्हीही असंच करत होतो.

आमच्या गटात आम्ही १२ जणी आहोत. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत. गटाच्या कर्जातून आम्ही एक जुनी डिझेल गाडी घेतली, जीपच्या जातीची, बरीच चाललेली. नाचणीचे पापड, कुळथाचं पीठ आणि घाटी मसाला भरून कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणच्या बाजारात विकायचं, आणि येताना सुकट, बोंबील, आमसुलं घेऊन तोच घाट चढायचा. गाडी चालवते आमच्याच गटातली एक वहिनी. रात्री-अपरात्री वाडीत कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर हीच गाडी निघते.

त्या गाडीच्या क्लचपायी आमची तीन महिन्यांची बचत जाता जाता वाचली. सगळी नाही वाचली. थोडी आमच्याच चुकीनं गेली. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आजचं हे बोलणं.

झालं काय

मार्चअखेरीस वहिनी म्हणायला लागली, "क्लचचं पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातंय." गिअर टाकताना खर्रर्र आवाज यायचा. दोन-तीनदा पेडल मारलं की मग गिअर पडायचा. बॉनेट उघडून पाहिलं, तर क्लचच्या तेलाची डबी तळाला गेलेली. तेल टाकलं, गाडी सुरळीत झाली. काही दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा तेल टाकलं. असं तीन-चार वेळा झालं. तेल जातंय कुठं, हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही.

एके दिवशी तेलाची बाटली संपलेली होती आणि सकाळी बाजाराला निघायचं होतं. घरात इंजिन ऑईलचा कॅन होता. "तेल ते तेल," म्हणत आम्हीच चौघींनी उभं राहून ते डबीत ओतलं. आणि गंमत बघा, डबीतलं तेल कमी व्हायचं थांबलं! पेडलही घट्ट झालं. आम्हाला वाटलं, औषध लागू पडलं.

मे महिन्यात भरली गाडी घेऊन कुंभार्ली चढताना मधल्या वळणावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी पुढं सरकेना. जळका वास यायला लागला. वहिनीनं शहाणपणानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चाकांमागं दगड लावले. तासाभरानं गाडी गार झाल्यावर कशीबशी वर आणली. वरच्या गॅरेजात सांगितलं, "क्लच प्लेट जळाली. गिअरबॉक्स उतरवून अख्खा सेट टाकावा लागेल." मजुरी धरून जो आकडा सांगितला, तो आम्हा बाराजणींच्या तीन महिन्यांच्या बचतीएवढा होता.

संध्याकाळी बैठक बसली. पैसे द्यायचे, हे जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या, "द्यायचे तर देऊ. पण गेलंय काय, ते कुणी खाली वाकून बघितलंय का?"

कुणीच बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, सपाट रस्त्यानं हळूहळू नेत आम्ही ती एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. आम्ही त्यांना मिस्त्रीमामा म्हणतो. त्यांनी पाना हातात घेण्याआधी दोनच प्रश्न विचारले. "तेल किती दिवसांनी टाकत होता?" नेमकं कुणालाच सांगता येईना. "आणि कुठलं टाकलं?" आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो.

पुढं त्यांनी काय शोधलं ते सांगायच्या आधी क्लच म्हणजे काय ते समजून घेऊ.

क्लचची दोन दुखणी

दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबा. आता उजवा हात फिरवा. डावाही त्याच्याबरोबर फिरतो. आता दोन्हींत बोटभर अंतर ठेवा आणि उजवा फिरवा. डावा जागेवरच राहतो. क्लच म्हणजे एवढंच. उजवा हात म्हणजे इंजिनाला लागून फिरणारी जड चकती, तिला फ्लायव्हील म्हणतात. डावा हात म्हणजे क्लच प्लेट, ती गिअरबॉक्सला जोडलेली असते. मागून एक जबर स्प्रिंग असलेली प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पेडल दाबतो तेव्हा तो दाब निघतो, प्लेट सुटते, आणि गिअर बदलता येतो. पेडल सोडलं की प्लेट पुन्हा धरते.

यावरून क्लचची दुखणी दोन प्रकारची होतात, आणि हा फरक पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

पहिलं, क्लच सुटत नाही. पेडल पूर्ण दाबलं तरी गिअर पडत नाही, खर्रर्र आवाज येतो, रिव्हर्स टाकताना तर जास्तच. पेडल दाबून धरलं तरी गाडी पुढं सरकू पाहते. अशा वेळी बहुतेकदा दोष पेडल आणि क्लच यांच्यामधल्या तेलाच्या व्यवस्थेत असतो. ही व्यवस्था बाहेर असते. गिअरबॉक्स न उतरवता ती दुरुस्त होते.

दुसरं, क्लच धरत नाही. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो. मिस्त्री याला "क्लच स्लिप मारतोय" म्हणतात. अशा वेळी बहुतेकदा प्लेट झिजलेली असते. ती आत असते, तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खर्च आणि मजुरी तिथंच वाढते.

आता आमची गाडी बघा. एप्रिलमध्ये क्लच सुटत नव्हता. मे महिन्यात धरत नव्हता. गॅरेजवाल्यानं मे महिन्याचं दुखणं पाहिलं आणि सेट सांगितला. त्याला आम्ही खोटं म्हणत नाही. एप्रिलमधलं दुखणं आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं.

दोन सिरिंज आणि एक नळी

जुन्या काही गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत तारेची केबल असते. आमच्या गाडीत केबल नाही, तेल आहे. पायाचा जोर तेलातून पुढं जातो. हे कसं, ते मिस्त्रीमामांनी आम्हाला दोन सिरिंज घेऊन दाखवलं. तुम्हीही गटाच्या बैठकीत करून बघा.

औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज आणा, एक लहान, एक मोठी. दोन्हींमध्ये घट्ट बसेल अशी बारीक प्लास्टिकची नळी जोडा. सगळीकडे पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आता लहान सिरिंजचा दट्ट्या दाबा. मोठीचा दट्ट्या लगेच बाहेर सरकतो. तो लहानीएवढा लांब जात नाही, थोडाच सरकतो, पण त्याचा जोर जास्त असतो. मोठीच्या दट्ट्यावर अंगठा ठेवून अडवून बघा, कळेल. बंद जागेतल्या पाण्यावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, आणि दट्ट्या जेवढा रुंद तेवढा त्यावरचा जोर अधिक, हा नियम १७व्या शतकात फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कल यांनी मांडला. आपल्या शिवारात चर खोदणारा जेसीबीचा हातही याच नियमावर उचलतो.

आता मुद्दाम नळीत थोडी हवा शिरू द्या आणि पुन्हा दाबा. लहान दट्ट्या मऊ मऊ आत जातो आणि मोठा आधीएवढा सरकत नाही. पाणी दाबून आकसत नाही, हवा आकसते. जोर हवा दाबण्यात जातो. वहिनी एकदम म्हणाली, "हेच! पेडल अगदी असंच जात होतं."

गाडीत लहान सिरिंज असते पेडलजवळ, तिला मास्टर सिलिंडर म्हणतात. मोठी असते खाली गिअरबॉक्सच्या बाजूला, तिला स्लेव्ह सिलिंडर म्हणतात. आम्ही त्यांना वरचा पंप आणि खालचा पंप म्हणतो, बरेच मिस्त्रीही तसंच म्हणतात. दोन्हींना जोडणारी पत्र्याची बारीक पाईप आणि शेवटी रबरी होज. वरच्या पंपाच्या डोक्यावर तेलाची डबी. दोन्ही पंपांच्या दट्ट्यांवर रबराचे वायसर असतात, फवारणीच्या पंपात असतो तसा. मिस्त्री त्याला बकेट म्हणतात. खालच्या पंपाचा दांडा एका फोर्कला ढकलतो, तो फोर्क बेअरिंगला ढकलतो, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटला. तिथं क्लच सुटतो.

तेल कमी झालं, म्हणजे कुठंतरी गेलं

मिस्त्रीमामा म्हणाले, "तुम्ही गटाच्या पेटीत पैसे कमी निघाले तर काय करता? स्वतःच्या पदरचे घालून पेटी बंद करता, की कुठं गेले ते शोधता?"

आम्ही शोधतो, आणि ताळा लागेपर्यंत उठत नाही. इथं मात्र आम्ही तीन-चारदा पदरचं घालून पेटी बंद केली होती.

इंजिन थोडंफार तेल खातं, म्हणून आपल्याला तेल टाकायची सवय असते. क्लचचं तेल असं खर्च होत नाही. ते बंद नळीत इकडून तिकडं सरकतं, एवढंच. ते कमी झालं याचा अर्थ गळती आहे, आणि तेल जिथून बाहेर जातं तिथूनच हवा आत येते. शोधायच्या जागा चारच आहेत.

पहिली जागा, पेडलच्या वर. पायाजवळचा गालिचा उचला, पेडलच्या दांड्याला आणि पुढच्या पत्र्याला हात लावा. ओलसर, निसरडं लागलं तर वरच्या पंपाचा वायसर गेला.

दुसरी जागा, खालचा पंप. त्याच्या तोंडावर रबराची टोपी असते. तिच्याखाली थेंब दिसले किंवा टोपी तेलानं भरलेली निघाली, तर खालचा वायसर गेला.

तिसरी जागा, पाईपचे सांधे आणि होज. सांध्याला धूळ चिकटून काळा चिखल झाला असेल तर तिथं गळती आहे. होजला बारीक भेगा पडल्या असतील, किंवा कुणी पेडल दाबल्यावर तो फुगत असेल, तर तो बदलायला आला.

चौथी जागा डोळ्यांना दिसत नाही. तेल कमी होत नाही, बाहेर थेंब नाही, तरी दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत जातं. तेव्हा वरच्या पंपातला आतला वायसर दाब धरत नसतो, तेल त्याच्या कडेनं मागं फिरतं.

आणखी एक खूण आहे. एकीनं पेडल दाबायचं, दुसरीनं खालच्या पंपाचा दांडा किती सरकतो ते बघायचं. साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर तरी सरकायला हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. दांडा नीट सरकतोय आणि तरी गिअर पडत नसेल, तर दोष आत आहे. दांडाच कमी सरकत असेल, तर दोष तेलाच्या व्यवस्थेत आहे. सेट बदलायचा निर्णय घेण्याआधी एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

एक गोष्ट मात्र कडक. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवा.

आमच्या गाडीत काय निघालं

मिस्त्रीमामा खड्ड्यात उतरले. खालच्या पंपावर हवा काढायचा एक छोटा स्क्रू असतो, त्याला निपल म्हणतात. पेडलवर कुणाचाही पाय नव्हता. त्यांनी तो निपल जरासा सैल केला, आणि तेलाची चिळकांडी उडाली. पंपाचा दांडा आपोआप मागं सरकला. "बघा," ते म्हणाले, "पाय काढलेला असतानाही तुमचा क्लच अर्धा दाबलेलाच होता. धरणार कसा?"

कारण होतं आमचं इंजिन ऑईल. वरच्या पंपात एक बारीक भोक असतं. पेडल सोडलं की त्या भोकातून जास्तीचं तेल डबीत परत जातं. या पंपांतलं रबर ब्रेक ऑईलसाठीच बनवलेलं असतं. इंजिन ऑईल लागलं की ते फुगतं. फुगल्यामुळं आधी गळती थांबली, आणि आम्ही खूश झालो. मग आणखी फुगून त्यानं ते परतीचं भोकच बुजवलं. आत दाब अडकला, क्लच अर्धवट दाबलेला राहिला, आणि घाटात प्लेट घसरायला लागली. वरचा पंप उघडल्यावर मामांनी जुना वायसर आमच्या हातावर ठेवला. भिजवलेल्या वालासारखा टम्म फुगलेला होता.

वहिनीनं वेळेवर गाडी थांबवली म्हणून प्लेट वाचली. ब्रेकची डबी वेगळी होती, हे आमचं नशीब. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच दोन्हींना एकाच डबीतून तेल जातं. तसं असतं तर आम्ही भरली गाडी घेऊन घाट उतरताना ब्रेकचं रबरही फुगवून बसलो असतो. हे ऐकल्यावर काकी कितीतरी वेळ गप्प बसल्या होत्या.

खर्च काय आला? मूळ दोष खालच्या पंपाचा एक झिजलेला वायसर होता. त्याचं किट आमच्यातल्या एकीच्या एका महिन्याच्या बचतीतही आलं असतं. पण चुकीचं तेल सगळीकडे फिरलेलं, म्हणून दोन्ही पंपांचं रबर आणि होज बदलावा लागला, पाईप धुऊन काढावी लागली. खालच्या पंपाच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे निघाले. खड्डे असलेल्या पंपात नवा वायसर टिकत नाही, तो पुन्हा फाटतो, म्हणून खालचा पंपच नवा घेतला. सगळं मिळून एका महिन्याच्या बचतीत बसलं. सेट टाकला असता तर तिप्पट गेले असते, आणि गाडी पुढच्या घाटात पुन्हा तिथंच उभी राहिली असती, कारण फुगलेला वायसर तसाच राहिला असता.

कुठलं तेल

क्लचच्या या व्यवस्थेत ब्रेक ऑईलच लागतं. डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं. तेच घ्यायचं. इंजिन ऑईल, गिअर ऑईल, स्टेअरिंगचं तेल, डिझेल, खोबरेल, काहीही चालत नाही. पंप धुवायलासुद्धा डिझेल-पेट्रोल वापरायचं नाही. नवं ब्रेक ऑईल वापरून धुवायचं.

हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं, मिठाच्या बरणीसारखं. पाणी शिरलं की आतून गंज धरतो. आमच्या खालच्या पंपाला पडलेले खड्डे असेच पडतात. म्हणून लहान बाटली आणावी, झाकण घट्ट लावावं, आणि बरेच दिवस उघडी पडलेली बाटली वापरू नये. डबीतलं तेल साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलावं. नवं तेल फिकट पिवळं असतं. काळपट झालं तर बदलायला आलं असं समजा.

आणि हे विष आहे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका, घरात लेकरं असतात. दुकानातून आलेल्या मूळ बाटलीतच, उंचावर ठेवा. अंगावर उडालं तर पाण्यानं धुवा. डोळ्यांत गेलं तर भरपूर पाण्यानं धुऊन दवाखाना गाठा. गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग निघतो, लगेच पाणी ओता. काढलेलं जुनं तेल विहिरीजवळ, ओढ्यात, शेतात टाकू नका. गॅरेजात वाया गेलेल्या तेलाचा डबा असतो, त्यात द्या.

दाब, धर, सोड

नवे भाग बसवले की आत शिरलेली हवा काढावी लागते. याला दोन माणसं लागतात, म्हणून मामांनी आम्हालाच कामाला लावलं. वहिनी पेडलवर, काकी खड्ड्यात मामांच्या शेजारी, आम्ही डबीवर.

डबी नव्या तेलानं भरायची. खालच्या निपलवर पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवायचं. काकी म्हणायच्या "दाब". वहिनी सावकाश पेडल दाबायची. "धर." वहिनी पाय तिथंच धरून ठेवायची. काकी निपल अर्धा फेरा सैल करायच्या. नळीतून तेल आणि बुडबुडे यायचे. निपल बंद करायचा, आणि मगच "सोड". निपल उघडा असताना पेडल सोडलं तर हवा परत आत जाते, आणि सगळी मेहनत वाया. जात्यावर दोघी बसल्या की हात एकमेकींच्या लयीत पडावे लागतात, तसंच हे आहे.

डबीवर बसणाऱ्या बाईचं काम सोपं दिसतं, पण तीच चुकली तर सगळं पहिल्यापासून. तेल खालच्या खुणेखाली जाऊ द्यायचं नाही. गेलं तर वरून हवा शिरते. आम्ही गप्पांत एकदा चुकलो, आणि पुन्हा सुरुवात केली. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हे करत राहायचं. शेवटी निपल बेताचा आवळायचा, तो नाजूक असतो, जोर केला तर तुटतो. गंजून बसला असेल तर त्यावर गंज सोडवणारं तेल टाकून वाट बघायची. नळीतून निघालेलं तेल पुन्हा डबीत ओतायचं नाही. आणि खालचा पंप जागेवरून सोडवलेला असताना पेडलला पाय लावायचा नाही, दट्ट्या सुटून बाहेर उडतो.

पेडल पहिल्याच दाबात घट्ट लागलं तेव्हा वहिनी हसायला लागली. मग मामांनी पेडलचा वरचा मोकळा खेळ तपासला. पेडल दाबायला सुरुवात केली की जोर लागायच्या आधी ते जरासं मोकळं हलायला हवं. तेवढाही मोकळा खेळ नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि प्लेट झिजते. गाडी चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवयही तेच करते. ती वहिनीनं त्या दिवसापासून सोडली.

गॅरेजात जाताना

मैत्रिणींनो, प्रत्येकीनं पाना हातात घ्यावा असं आमचं म्हणणं नाही. मिस्त्रीचं काम मिस्त्रीच करणार. पण गॅरेजात जाताना चार गोष्टी बरोबर न्या.

दुखणं पहिल्या दिवसापासून सांगा: क्लच सुटत नाही की धरत नाही, आधी काय होत होतं, तेल कधी आणि कुठलं टाकलं. चूक झाली असेल तर तीही सांगा, डॉक्टरला सांगतो तशी. मग विचारा, "तेल कुठून जातंय ते दाखवा." मग विचारा, "खालचा दांडा सरकतो का, ते पाहिलं का?" आणि बदललेला जुना भाग परत मागा. मागण्यात भांडण नाही, हक्क आहे. आमच्या बैठकीच्या पेटीत तो फुगलेला वायसर अजून आहे. नव्या बाईला गाडी शिकवायची झाली की आधी तो तिच्या हातावर ठेवतो.

आणि हिशेबवहीत आम्ही गाडीचं एक वेगळं पान केलं आहे. महिन्याच्या १ तारखेला बचत गोळा होते, तेव्हाच एकीनं बॉनेट उघडायचं, क्लच आणि ब्रेक दोन्ही डब्यांतली तेलाची पातळी बघायची, आणि तारीख टाकून पानावर लिहायचं. तेल बोटभर कमी दिसलं, तर त्याच दिवशी खाली वाकून बघायचं. बाटलीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली आहे: "फक्त ब्रेक-क्लच".

गेल्या महिन्यात ते पान उलटून पाहिलं. पातळी जिथल्या तिथं. पेटीत पैसे जुळले की जे वाटतं, तेच वाटलं.

तुमच्या गटाची गाडी असेल, तर आज संध्याकाळीच डबी बघा. आणि बैठकीत तो दोन सिरिंजचा प्रयोग नक्की करा. लहान मुलींनाही बसवा, त्यांना फार आवडतो. नमस्कार.